अश्वशिक्षा व पागेची निगा : शालिहोत्राच्या पोथ्या आणि शिवकालीन छावणीचें एक पत्र

अश्वविद्येवरील पोथ्या आपल्याकडील जुन्या संग्रहांत अगदींच दुर्मिळ नाहींत. शालिहोत्राच्या नांवावर चालणारीं संस्कृत बाडें, त्यांवरून देशी भाषेंत उतरलेलीं टिपणें, आणि क्वचित् एखादी चित्रांकित पोथी संग्राहकांच्या हातीं येत असते. परंतु अशी पोथी हातीं आली म्हणजे तिच्यांतील काय पाहावें व काय जपावें याविषयीं एक ठराविक संवय पडून गेलेली आहे. प्रथम चित्रें पाहिलीं जातात. मग घोड्यांचे रंग, भोंवरे व शुभाशुभ लक्षणें वाचलीं जातात. आणि दाणा, वैरण, पाणी, खूर, विश्रांति व घोडा फेरण्याची रीत यांसंबंधींचा जो मजकूर असतो तो रुक्ष म्हणून बाजूस टाकला जातो. पागांच्या हिशेबी कागदांचीही हीच गत आहे. खोगिराच्या पोटांत कोंबलेल्या चिंध्यांवरून निघालेला खोगीरभरती हा शब्द त्या कागदांसच लावून लोक मोकळे होतात.

आमच्या मतें हा क्रम उलटा असावयास पाहिजे. घोडा शिकविणें आणि घोडा पोसणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत अशी समजूत आज रूढ असली, तरी जुन्या शास्त्रकारांची व आपल्याकडील जुन्या पागांची समजूत तशी नव्हती. ज्या जनावराचें पोट भरलेलें नाहीं, खूर दुखता आहे, आणि माणूस जवळ येतांच ज्याच्या अंगावर कांटा उभा राहतो, त्यास शिकवितां येत नाहीं. त्याच्याकडून केवळ धाकानें काम करून घेतां येतें, आणि तें काम ऐन वेळीं फसतें. हा सिद्धांत शास्त्रग्रंथांत कसा आढळतो व व्यवहारांत कसा पाळला जात असे, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत दाखवावयाचें आहे.

१. शालिहोत्राची परंपरा

शालिहोत्र हें मूळ एका ऋषीचें नांव. परंपरा त्यास अश्वशास्त्राचा आद्य प्रवर्तक मानते. पुढें तेंच नांव ग्रंथास मिळालें, ग्रंथावरून शास्त्रास मिळालें, आणि अखेर घोड्याच्या वैद्यासच लोक सालोत्री म्हणूं लागले. एका ऋषीच्या नांवाची धंद्याच्या नांवापर्यंत झालेली ही उतरण या शास्त्राचा प्रसार किती होता हें दाखविते. मुसलमानी अमदानींत शालिहोत्राचीं फारसी भाषांतरें झालीं. त्यांस फरसनामा म्हणत. शहाजहानच्या काळच्या अशा एका फारसी ग्रंथावरून जोसेफ अर्ल्स नांवाच्या इंग्रजानें केलेलें भाषांतर १७८८ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें, व त्याच्या मथळ्यांतही सालोतर हाच शब्द कायम राहिला.

संस्कृत ग्रंथांपैकीं जयदत्तसूरीचें अश्ववैद्यक व नकुलाच्या नांवावरील अश्वचिकित्सित हे दोन ग्रंथ उमेशचंद्र गुप्त यांनीं संपादून गेल्याच्या मागील शतकाच्या नवव्या दशकांत कलकत्त्याच्या बिब्लिओथिका इंडिका मालेंत प्रसिद्ध केले. तंजावरच्या भोसले राजांनीं वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयांतून नकुलाच्याच नांवावरील अश्वशास्त्र एस. गोपालन यांच्या संपादनानें १९५२ सालीं बाहेर पडलें. कल्याणीच्या चालुक्यवंशांतील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, घोड्यांच्या जाती, त्यांचे उपचार व राजाचा अश्वक्रीडाविनोद यांचा विस्तार आहे. हा ग्रंथ श्रीगोंदेकर यांनीं संपादून बडोद्याच्या गायकवाड मालेंत १९२५पासून तीन भागांत निघाला. तेव्हां या विषयाचीं छापील साधनें जिज्ञासूंस अगदींच दुर्लभ आहेत असें नाहीं.

या ग्रंथांतील मजकुराचे ढोबळमानानें पांच भाग पडतात : लक्षण, वय, निगा, शिक्षा आणि चिकित्सा. पैकीं लक्षणांचा भाग लोकप्रिय झाला व तोच सर्वांत अधिक नकलला गेला. कोठला भोंवरा धन्यास तारक व कोठला मारक, देवमण कोणास म्हणावें, पंचकल्याणी घोडा कसा ओळखावा, या गोष्टी तापीकांठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत भरणाऱ्या घोडेबाजारांत आजही गिऱ्हाईक विचारून घेतो. पण लक्षणांच्या भागांतही सर्वच कांहीं विश्वासाची बाब नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दांतांची संख्या व त्यांचा पालटणारा रंग यांवरून घोड्याचें वय कसें सांगावें हें एकाच श्लोकांत बसविलें आहे. दांत पाहून वय ठरविण्याची रीत आजचे पशुवैद्यही अवलंबितात. भोंवऱ्याचें फळ कोणासच ताडून पाहतां येत नाहीं. दांताचें प्रमाण तबेल्यांत उभें राहून ताडून पाहतां येतें. पोथी वाचतांना हा भेद मनांत ठेवला म्हणजे तिच्यांतील अनुभवाचा अंश वेगळा निघूं लागतो.

२. शिक्षेविषयीं शास्त्रकारांचा कटाक्ष

अश्वशिक्षेसंबंधानें सर्वांत थोडक्यांत व सर्वांत नेमका उपदेश पाहावयाचा असेल तर अग्निपुराणांतील अश्ववाहनाचा अध्याय पाहावा. पुराण म्हणून अश्वविद्येचा अभ्यासक त्याकडे वळत नाहीं व घोडा म्हणून पुराणिक तो भाग गाळतो. यामुळें हा अध्याय उपेक्षित राहिला आहे. त्यांत तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. पहिली ही कीं, हेमंत, शिशिर व वसंत हे ऋतु घोडा वाहण्यास योग्य. ग्रीष्म, वर्षा व शरद या ऋतूंत वाहन निषिद्ध. दुसरी ही कीं, तीव्र दंडानें मारूं नये, व भलत्या ठिकाणीं तर मुळींच मारूं नये. खुंट्या, हाडें व कांटे पसरलेल्या उंचसखल जमिनीवर घोडा घालूं नये. तिसरी गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. घोड्याचें मन न जाणतां व उपायाचें ज्ञान नसतां जो स्वार होतो, तो घोड्यास चालवीत नसून घोडाच त्यास चालवितो, असा तेथें अभिप्राय आहे. म्हणजे शिक्षा प्रथम स्वाराची, मग घोड्याची.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, जें शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रथम छापून प्रसिद्ध केलें, अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची मांडणीच बोलकी आहे. आधीं घोड्यांची नोंद. मग प्रत्येक घोड्याचें स्वतंत्र ठाण, तें चौरस असावें, खालीं गुळगुळीत फळ्या असाव्या, चाऱ्याची गव्हाण व लीद-मूत्र निघून जाण्याची सोय असावी. मग व्यालेल्या घोडीचा व शिंगराचा आहार. आणि त्यानंतर चालींचे व कसरतीचे प्रकार. शिंगरू चार किंवा पांच वर्षांचें झालें म्हणजेच तें कामास योग्य, असा तेथें स्पष्ट नियम आहे. शेवटीं दंड सांगितले आहेत. उपचारांत व औषधांत हयगय झाल्यामुळें रोग वाढला तर उपचारास येणाऱ्या खर्चाच्या दुप्पट दंड; आणि त्याच अपराधामुळें जनावर दगावलें तर त्याच्या किंमतीइतका दंड. दंडाच्या या तरतुदी आम्हांस विशेष लक्षांत घेण्याजोग्या वाटतात. कारण घोड्याची आबाळ ही केवळ दयामायेची बाब न राहतां जबाबदारीची बाब होते. ज्याच्या हातीं दोर, त्याच्या माथीं जाब.

हा विचार एकट्या भरतखंडाचा आहे असें मात्र नाहीं. आशिया मायनरांतील बोगाझकोय येथें सांपडलेल्या हित्ती लोकांच्या मृत्तिकापट्टांत मितान्नी देशाच्या किक्कुली नांवाच्या अश्वशिक्षकाचा एक ग्रंथ आहे. तो इसवी सनापूर्वीं पंधराव्या-चौदाव्या शतकांतील धरतात. त्यांत फेरांची संख्या सांगतांना अइक, तेर, पंज, सत्त असे शब्द आले आहेत व त्यांस वर्तन्न हें पद जोडलें आहे. एक, त्रि, पंच, सप्त व वर्तन हे शब्द ओळखण्यास मराठी वाचकास कोणाची मदत नको. या शब्दांवरून भाषाशास्त्रज्ञांनीं पुष्कळ लिहिलें आहे. पण ग्रंथाचा खरा विषय काय? तर रथाचे घोडे सुमारें सात महिने क्रमाक्रमानें कसे तयार करावे हा. आज किती अंतर चालवावें, मग कधीं धुवावें, केव्हां झूल घालावी, केव्हां पाणी द्यावें व केव्हां देऊं नये, रात्रीं वैरण किती, असा दिवसवार क्रम त्यांत आहे. म्हणजे जगांतील अश्वशिक्षेचा हा अत्यंत जुना ग्रंथ मुख्यतः दिनचर्येचा ग्रंथ आहे.

ग्रीक सेनापति क्सेनोफोन यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत याच विषयावर लिहिलेला ग्रंथ युरोपांत अद्यापि मान्य आहे. शिंगरास शिक्षकाकडे धाडण्यापूर्वींच घरीं त्यास असें वळण लावावें कीं, भूक, तहान व माशांचा त्रास यांतून आपली सुटका माणसाकडून होते हें त्यास कळावें; रागाच्या भरांत घोड्याशीं कधींही वागूं नये; घोडा एखाद्या वस्तूस बुजला तर त्यास मारूं नये, ती वस्तु त्यास पाहूं द्यावी; हे त्याचे मुख्य उपदेश. अग्निपुराणकार व क्सेनोफोन यांच्या दरम्यान कोणताही धागा जोडण्याचा आमचा इरादा नाहीं. दोघांच्याही समोर घोडा एकच होता, म्हणून दोघेही एकाच निर्णयास आले, एवढेंच पुरेसें आहे.

३. पागेची रचना

आतां शास्त्रांतून व्यवहाराकडे वळूं. शिवाजी महाराजांच्या घोडदळांत बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते हें वाचकांस विदितच आहे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा; बारगिरास घोडा सरकारी पागेंतून मिळे. आपल्या घोड्याची काळजी धनी आपण होऊन घेतो. घोडा मेला तर त्याचें भांडवल बुडतें. परंतु बारगिराचा घोडा त्याचा नव्हे. अशा स्थितींत त्या मुक्या जनावराची निगा कोणी राखावी, हा प्रश्न पागेच्या व्यवस्थेंतूनच सोडवावा लागे.

कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९७च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या बखरींत या व्यवस्थेचें वर्णन आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी, याप्रमाणें ही चढती उतरंड होती. तींतील एक तपशील बहुतेक वाचक ओलांडून पुढें जातात. दर पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. सेनेच्या सर्वांत लहान घटकाबरोबर पाणी व खूर यांची तजवीज जोडलेली होती, ती वरच्या कोण्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नव्हती, हा त्याचा अर्थ. पंचवीस घोड्यांस एक नालबंद म्हणजे प्रत्येक खुरावर नजर ठेवणें त्यास शक्य व्हावें असेंच हें प्रमाण आहे.

पावसाळ्याविषयींही सभासदानें लिहिलें आहे. पावसाळ्यांत लष्करानें छावणीस परत यावें; तेथें घोड्यांसाठीं दाणा, रतीब व औषधें आधींच तयार असावीं, व माणसांसाठीं आणि घोड्यांसाठीं गवतानें शाकारलेलीं घरें असावीं; दसरा झाला म्हणजे लष्कर बाहेर पडावें. अग्निपुराणानें वर्षाऋतूंत घोडा वाहूं नये म्हणून सांगितलें, त्याचाच हा राज्यव्यवहारांतील अवतार म्हणावयास हरकत नाहीं. शास्त्रानें शरदही वर्ज्य केला होता, तो मात्र मोहिमेच्या गरजेनें सोडावा लागला. कौटिल्यानें आश्विनाच्या नवव्या दिवशीं घोड्यांचें नीराजन सांगितलें आहे. आपल्याकडे खंडेनवमीस व दसऱ्यास घोड्याची पूजा होते. विश्रांतीचे चार महिने संपून कामाचे महिने सुरू होतात त्या सांध्यावर ही पूजा बसलेली आहे.

४. चिपळूणच्या छावणीस लिहिलेलें पत्र

या व्यवस्थेच्या मागें कोणती बुद्धि होती हें दाखविणारा अत्युत्तम पुरावा म्हणजे इतिहासाचार्य राजवाडे यांनीं प्रसिद्ध केलेलें, राज्याभिषेकाच्या सुमाराचें शिवाजी महाराजांचें एक पत्र. तें चिपळुणाजवळ मौजे हलवर्ण येथें छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस उद्देशून आहे. तें पत्र रयतेस त्रास न देण्याच्या आज्ञेबद्दल सर्वांस माहीत आहे, आणि तशी त्याची कीर्ति योग्यच आहे. परंतु तें पत्र मुळांत घोड्यांविषयींचें आहे, ही गोष्ट त्या कीर्तीमुळें झांकली गेली आहे. म्हणून त्यांतील युक्तिवादाचा क्रम आम्ही येथें आमच्या शब्दांत मांडतों.

प्रसंग असा कीं, दाभोळ सुभ्यांत पागेच्या पावसाळ्यासाठीं जो सांठा केला होता तो लष्कराच्या तळामुळें आधींच खर्च होऊन गेला. मग कारकुनांकडून व गडोगडचा दाणा, वैरण मिळवून पागेची तजवीज पुन्हां करावी लागली. या दुसऱ्या सांठ्याविषयीं महाराजांची पहिली ताकीद आहे. आज आहे म्हणून मन मानेल तसा दाणा, गवत व रतीब उडवाल, तर ऐन पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, उपास पडतील, घोडीं मरूं लागतील, आणि तें मरण म्हणजे तुम्हींच घोडीं मारल्यासारखें होईल. आबाळीनें आलेलें मरण हें हत्येसारखेंच लेखावें, हा या पत्राचा नैतिक कणा आहे. कौटिल्यानें जो दंड पैशांत सांगितला, तोच येथें शब्दांनीं माथीं मारला आहे.

दुसरी पायरी रयतेची. घोड्यांस वैरण उरली नाहीं म्हणजे लोक गांवांत शिरतील. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लांकडें, कोणी भाजी. असें होऊं लागलें म्हणजे जे कुणबी जीव धरून राहिले आहेत ते उठून जातील, कित्येक उपाशी मरतील, आणि मोंगलांहूनही तुम्ही वाईट असें त्यांस वाटेल. पागेंतील अव्यवस्थेचा भार अखेर शेतकऱ्याच्या दारीं जाऊन पडतो, ही साखळी त्यांत पायरीपायरीनें दाखविली आहे. म्हणून जें लागेल तें बाजारांतून विकत घ्यावें असा हुकूम आहे.

तिसरी पायरी आगीची. गवताच्या गंज्यांजवळ कोणी चूल पेटवील, कोणी चिलमीसाठीं विस्तव नेईल, कोणी रात्रीं दिवा तसाच ठेवील व त्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल. गवतास आग लागली कीं सारें गवत व खण जळून जातील. मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांस कितीही ताकीद केली, तरी एक खण उभा राहावयाचा नाहीं व घोड्यास काडीही मिळावयाची नाहीं. नवें राज्य उभें करण्याच्या गडबडींत असलेला राजा दिव्याची वात नेणाऱ्या उंदरापर्यंत विचार करतो, याचें कारण त्यास घोडा माहीत होता.

या पत्रांत घोडा कसा फेरावा याचें एक अक्षरही नाहीं. तरी अश्वशिक्षेच्या इतिहासांत तें आम्ही अग्रस्थानीं ठेवतों. मराठी स्वाराची लढण्याची रीत घोड्याच्या वळण्यावर अवलंबून होती. कावा या शब्दाचा घोडा वर्तुळांत फिरविणें हा अर्थ जुन्या कोशांतून आढळतो, व गनिमी कावा या शब्दप्रयोगांत त्याच फिरण्याची खूण आहे. चाबुकस्वारानें घोडा काव्यावर धरावा, प्रथम सावकाश मोठ्या मंडळांत, मग लहान मंडळांत, एका बाजूस जितके फेर तितकेच दुसऱ्या बाजूस, हें काम महिनेच्या महिने चालणारें. अशा रीतीनें तयार झालेला घोडा चार महिने अर्धपोटीं राहिला कीं पाठ उतरते, मांस झडतें, खूर ठिसूळ होतो, व दसऱ्यास बाहेर पडतांना शिक्षकाचें सारें काम मुळापासून करावें लागतें. छावणीची कोठी हीच शिक्षेची कोठी होती.

५. कोंकणचा पाऊस व देशावरचा घोडा

महाराजांच्या या धास्तीचें आणखी एक कारण आहे, व तें कोंकणांत राहणाऱ्यासच नीट कळतें. आम्ही हें लिहितों तें उलवें पनवेलच्या खाडीच्या दक्षिण कांठावर आहे. आज तेथें नवी मुंबईची वस्ती उभी आहे, टेंकडी कापून व नदीचा ओघ वळवून विमानतळ झाला आहे, व २०२५च्या अखेरीपासून तेथून विमानेंही उडूं लागलीं आहेत. परंतु पूर्वीं ही जमीन भातखाचरांची व मिठागरांची होती, आणि पाऊस व हवा अद्यापि तीच आहे. जून लागला कीं चार महिने जमीन वाळत नाहीं, भिंती पाझरतात, कपाटांतील पोथ्यांस बुरशी चढते. ज्या दमटपणानें पोथी कुजते त्याच दमटपणानें वाळलें गवत कुजतें, व तसें गवत घोड्याच्या पोटांत गेलें कीं पोटशूळ उठतो. चिखलांत व लिदींत सतत उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या खुराचा मधला मऊ भाग सडूं लागतो व त्यास दुर्गंधि येते. शिवाय देशावर घोड्यास ज्वारीचा कडबा मिळतो. कोंकणांत मिळतो तो भाताचा पेंढा, व त्यांत सत्त्व कमी.

भीमेच्या खोऱ्यांतील घोडा, ज्यास भीमथडीचा म्हणत व ज्यास अलीकडे स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारी नोंद मिळाली आहे, तो कोरड्या हवेंत व कठीण जमिनीवर वाढलेला. असें जनावर पावसाळ्यांत कोंकणांत ठेवणें म्हणजे त्यास परक्या मुलखांतच ठेवणें होय. त्यांत भर माशांची. सर्रा नांवाच्या ज्वराचा जंतु ग्रिफिथ इव्हान्स यानें १८८० सालीं डेरा इस्माईलखान येथें शोधून काढला, व तो चावऱ्या माशांमार्फत घोड्यांत पसरतो हें पुढें सिद्ध झालें. या माशांचा जोर पावसाळ्यांत व त्याच्या लगोलग असतो. शास्त्रकारांनीं वर्षा व शरद हे ऋतु वर्ज्य करतांना जंतु पाहिला नव्हता. मेलेले घोडे मात्र पाहिले असले पाहिजेत.

६. वैरण तुटली म्हणजे काय होतें

उलट बाजूचें उदाहरण पानिपतचें आहे. १७६०च्या अखेरीस मराठ्यांच्या छावणीची रसद तुटली. गोविंदपंत बुंदेले पडल्यावर तर ती जवळजवळ बंदच झाली. माणसांबरोबर घोडींही उपाशी पडलीं व पुष्कळ मेलीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं जें घोडदळ रणांत उतरलें, त्यांतील जनावरें कित्येक दिवसांचीं भुकेलीं होतीं. पराभवाचीं कारणें अनेक आहेत व त्यांचा येथें ऊहापोह करण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलें घोडदळ तोबरा रिकामा राहिल्यानें कसें निःसत्त्व होतें, एवढा मुद्दा त्यावरून घेण्यास कोणाचा प्रत्यवाय नसावा. हलवर्णच्या पत्रांत जें भय शब्दांत मांडलें होतें, तेंच सत्याऐंशीएक वर्षांनीं शत्रूनें प्रत्यक्षांत उतरविलें.

७. आजच्या पशुवैद्यकाच्या कसोटीवर

मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं स्थापन झालें, व तेव्हांपासून सालोत्र्याची जागा हळूहळू शिकलेल्या पशुवैद्यानें घेतली. नव्या शास्त्रानें जुन्या पोथ्यांतील पुष्कळ औषधें व सर्वच ग्रहनक्षत्रें बाजूस सारलीं, हें योग्यच झालें. पण निगेच्या व शिक्षेच्या भागांतील मुख्य वचनें या कसोटीस उतरलीं आहेत. घोड्याचें जठर त्याच्या देहमानानें लहान असतें, व तें फार वेळ रिकामें राहिल्यास त्यांत व्रण पडतात. म्हणून त्यास थोडथोडी वैरण वारंवार लागते. दाण्यांत एकाएकीं बदल केल्यास पोटशूळ उठतो. घोड्याच्या पाठीच्या कण्याची वाढ पांच-सहा वर्षांपर्यंत चालूं असते. यावरून चार-पांच वर्षांपूर्वीं घोडा कामास न लावण्याचा कौटिल्याचा नियम किती विचाराचा होता हें ध्यानीं येईल.

शिक्षेविषयींही तसेंच. घोडा हा पळून जीव वांचविणारा प्राणी. भय उत्पन्न झालें कीं तो शिकावयाचा थांबतो व सुटकेची वाट पाहूं लागतो. लगाम ओढला असतां त्यानें मान दिली, कीं तत्क्षणीं लगाम सैल झाला पाहिजे. त्या सैल होण्यांतच त्यास धडा मिळतो. ओढ तशीच राहिली, अगर चुकीनंतर वेळानें चाबूक बसला, तर मार कशासाठीं हें त्यास कळत नाहीं. चाबूक धरणाऱ्याचें भय तेवढें शिल्लक राहतें. भलत्या ठिकाणीं मारूं नये व मन जाणल्यावांचून वाहूं नये, या वचनांचा आजच्या भाषेंतील अर्थ हाच आहे.

हा विषय केवळ भूतकाळाचा नाहीं. मुंबईच्या रस्त्यांवरील शोभेच्या घोडागाड्या बेकायदेशीर असल्याचा निर्णय मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं दिला, त्यांत जनावरांच्या हालांचा व तबेल्यांच्या दुर्दशेचा प्रश्न होताच. याच रायगड जिल्ह्यांत माथेरानास घोडा अद्यापि रोजच्या वापराचें वाहन आहे. लग्नाच्या वरातींत, यात्रेंत व शर्यतींत तो राबतोच आहे. ज्याच्या हातीं आज लगाम आहे त्यास परक्या देशांतील पुस्तकें दाखविण्याआधीं आपल्याच पोथ्या दाखवितां आल्या, तर त्यास त्या अधिक जवळच्या वाटतील.

८. संग्राहकांस विनंति

यावरून संग्राहकांचें कर्तव्य काय निघतें तें सांगून लेख पुरा करतों. पहिली गोष्ट, चित्रांकित अश्वपोथीचीं पानें सुटीं करून विकण्याची चाल बंद पाडली पाहिजे. चित्राचें पान भिंतीवर जातें व मजकुराचीं पानें रद्दींत जातात. मग चित्रांतील घोडा कोणत्या रोगाचा किंवा कोणत्या चालीचा हेंही सांगणारें कोणी उरत नाहीं. पान घेणारा गिऱ्हाईक मिळतो म्हणूनच पोथी फुटते. तेव्हां सुटें पान विकत घेणाऱ्यासही या दोषांतून मोकळें राहतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट, पोथीची यादी करतांना केवळ शालिहोत्र एवढें नांव लिहून थांबूं नये. निगेचा भाग आहे कीं नाहीं, दाण्याचीं मापें कोणत्या मुलखाचीं आहेत, ऋतुवार आहार दिला आहे काय, शिक्षेचे अध्याय पूर्ण आहेत कीं गाळलेले, याची नोंद करावी. नकलकारानें समासांत स्वतःच्या अनुभवाची टीप लिहिली असेल तर ती मूळ श्लोकाहून अधिक मोलाची समजावी. कारण श्लोक इतरत्र मिळेल, टीप मिळणार नाहीं.

तिसरी गोष्ट हिशेबी कागदांची. पुण्यांत लक्ष्मी रस्त्यावर जेथें पेशव्यांची हुजूर पागा होती तेथें १८८४ सालीं मुलींची शाळा निघाली, व लोकांनीं त्या शाळेसच हुजूरपागा हें नांव दिलें. पागा गेली तरी नांव उरलें. पण किती तरी सरदार घराण्यांच्या पागांचीं नांवेंही उरलीं नाहींत. त्यांच्या रुमालांतून चंदी किती, हरभरे किती, कडबा किती, नालांचे खिळे किती, मोतद्दाराचा रोजमुरा काय, आजारी घोड्यास काय दिलें, असे बंद अजूनही निघतात. मोडी वाचणाऱ्यास त्यांत लढाई दिसत नाहीं म्हणून ते बाजूस पडतात. वस्तुतः शालिहोत्रांतील वचन पाळलें जात होतें कीं नुसतें नकललें जात होतें, याचा निर्णय याच बंदांवरून होणार आहे. पावसाळ्याच्या महिन्यांत दाणा वाढविला कीं तोडला, एका नालबंदामागें प्रत्यक्ष किती घोडीं होतीं, शिंगरू कितव्या वर्षीं खोगिराखालीं आलें, हे प्रश्न कोणत्याही बखरीस विचारून उत्तर मिळावयाचें नाहीं.

तरी ज्यांच्या संग्रहीं असे बंद असतील त्यांनीं ते वाळवीच्या व दमटीच्या तडाख्यांतून काढून, निदान महिना, घोड्यांची संख्या व दाण्याचें माप एवढ्या तीन गोष्टींची टांचणें करून प्रसिद्ध करावीं. एक-दोन पागांचीं सलग दहा वर्षांचीं अशीं टांचणें हातीं आलीं, तर मराठ्यांचा घोडा काय खाऊन, किती विसावा घेऊन व कोणाच्या देखरेखीखालीं इतका दूर पल्ला मारीत होता, हें अंदाजावर न राहतां आंकड्यांनीं सांगतां येईल.